आधी हिशोब जुळव, मग मॉडेल चालव

चि. भाचीस,


तुमच्या साखर कारखान्यानं यंदा मॉडेलवर चालणारं सॉफ्टवेअर घेतलं आणि ते मार्गी लावायचं काम तुझ्याकडं दिलं, हे अक्काकडून कळलं. फार बरं वाटलं. साखरेचा दाणा जिथं पाडतात त्या पॅन हाउसच्या फरशीवर मुलगी दिसायची नाही, त्या काळात मी नोकरी केली. आता गव्हाणीपासून गोदामापर्यंतचा हिशोब एका मुलीच्या हाती आलाय आणि ती आपली आहे. म्हणून चार गोष्टी कानात सांगतो. यातल्या बऱ्याचशा पुस्तकात मिळतील, पण कुठली आधी करायची आणि कुठली नंतर, हे पुस्तक सांगत नाही.

मॉडेल म्हणजे कारखान्याचं वागणं समीकरणांत मांडलेलं. ताशी ऊस किती, उसात फायबर किती, मिलवर पाणी किती मारलं, वाफ किती दाबाची, एवढं दिलं की रस किती येईल, सिरप किती दाट होईल, बगॅस म्हणजे चिपाड किती उरेल ते सांगतं. त्यात दोन जाती आहेत. एक बसून हिशोब करणारी. ती सगळं स्थिर धरून वजनाचा आणि उष्णतेचा ताळेबंद मांडते आणि ‘असं केलं तर काय होईल’ याचं उत्तर देते. दुसरी चालत्या कारखान्यावर नजर ठेवणारी. पुढच्या काही मिनिटांत पातळी, तापमान, ब्रिक्स म्हणजे रसाचा दाटपणा कुठं जाणार याचा अंदाज बांधून ती आत्ताच व्हॉल्व्ह हलवते. ही दुसरी जात तेल आणि रसायनांच्या कारखान्यांतून आली. फ्रान्सच्या रिशाले यांनी १९७८ साली आणि अमेरिकेत शेल कंपनीच्या कटलर व रामेकर यांनी १९७९ साली ती जगापुढं मांडली. पहिल्या जातीचं काम आपल्या पुण्यातही झालंय. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विवेक रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिमेंटच्या फिरत्या भट्टीचं मॉडेल तयार केलं, ते २००७ साली प्रसिद्ध झालं. तुम्ही यातली नेमकी कुठली जात घेतलीय ते करार उघडून स्वतः वाच. मीटिंगमध्ये सगळे ‘सॉफ्टवेअर’ म्हणतात आणि प्रत्येकाच्या मनात वेगळं काहीतरी असतं.

आता पहिली गोष्ट. हंगाम सुरू झाला की सुरुवातीचे काही आठवडे मॉडेलला एकही व्हॉल्व्ह हलवू देऊ नकोस. आधी हिशोब जुळव. गव्हाणीत पडलेला ऊस अधिक मिलवर दिलेलं पाणी, म्हणजेच मिक्स ज्यूस अधिक बगॅस. ही एक ओळ जुळली तर पुढचं सगळं जुळतं. पण बगॅस सहसा कोणी तोलत नाही, ते वजाबाकीनं काढतात. त्यामुळं उसाच्या वजनात, पाण्याच्या मीटरमध्ये किंवा रसाच्या मीटरमध्ये जी चूक असेल, ती सगळी बगॅसच्या खात्यात जाऊन बसते. आणि तुझं मॉडेल त्याच बगॅसवर बॉयलरचं गणित मांडणार! एका मीटरची चूक तीन खात्यांत फिरते आणि शेवटी बॉयलरवाल्याला बोलणी बसतात.

साखरेचा हिशोबही असाच. उसातून आलेल्या साखरेतली काही पोत्यात जाते, काही बगॅसमध्ये, काही प्रेसमडच्या गाळात, काही मळीत. उरतो तो अननोन लॉस. तो आकडा रोज बघ. वाढला तर कुठंतरी गळती आहे, रस आंबतोय, किंवा कंडेन्सेटमधून साखर जातेय. उणे आला तर कुठलं तरी माप चुकतंय, कारण साखर कारखान्यात साखर तयार होत नाही, ती शेतातूनच येते. असा उणे आलेला आकडा रिपोर्टात ‘सरासरी’ घालून झाकायचा मोह होतो. तू झाकू नकोस. मॉडेलला झाकलेला आकडा खायला घातला की ते त्याच आकड्यावर शिकतं आणि मग सबंध हंगाम चुकीचा सल्ला आत्मविश्वासानं देतं.

लॅबकडं नीट लक्ष दे. नमुना घेतलेली वेळ आणि रजिस्टरात लिहिलेली वेळ यांत किती फरक असतो ते स्वतः उभी राहून बघ. सिरपचा नमुना सव्वादहाला घेतला, तपासला पावणेअकराला आणि लिहिला ‘दहाच्या’ रकान्यात, तर मॉडेल त्याची सांगड दहाच्या मीटरशी घालणार. मीटर बरोबर, लॅब बरोबर, तरी जुळणी चूक. केमिस्ट पोरं आळशी असतात असं नाही. रकाना तासाचा छापलेला असतो, म्हणून ती तास लिहितात. रकान्यात मिनिटं लिहायची सोय करून दे, लगेच फरक पडेल. आणखी एक, ब्रिक्स मीटरच्या काचेवर, पीएचच्या इलेक्ट्रोडवर थर चढतो. मीटर अचानक बिघडत नाही, रोज थोडं थोडं सरकतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. इलेक्ट्रोड कोणी, कोणत्या पाळीत पुसायचा, हे नावानिशी ठरवून घे.

दुसरी गोष्ट अडणाऱ्या जागेची. प्रत्येक कारखान्यात एका वेळी एकच जागा अशी असते की तिच्यामुळं बाकी सगळे थांबतात. मिलवाले म्हणतील आम्ही अजून ऊस ओढू शकतो, पॅनवाले म्हणतील सिरप पुरत नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात, कारण अडतं मधल्या, रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरवर. ही जागा शोधायला बसून हिशोब करणारं मॉडेल फार उपयोगी आहे. पण ती जागा हंगामभर एकच राहत नाही. इव्हॅपोरेटर नुकताच साफ केलेला असतो तेव्हा नळ्या उष्णता भराभर घेतात. जसजसा थर बसतो तसतसा तोच अडायला लागतो. मार्चमध्ये उन्हं तापली की स्प्रे पाँडचं पाणी गरम होतं, व्हॅक्यूम उतरतो, आणि अडणारी जागा पॅनवर जाते. तेव्हा नळ्यांच्या उष्णता घेण्याच्या क्षमतेचा आकडा मॉडेलमध्ये एकदा टाकून मोकळी होऊ नकोस. साफसफाईनंतर आणि साफसफाईच्या आधी, असा दोन्ही वेळा मोजून टाक. तो आकडा किती वेगानं घसरतोय हे दिसलं की साफसफाईचा दिवस सवयीनं ठरवायची गरज उरत नाही.

आता तिसरी गोष्ट, मला सगळ्यात जास्त तळमळीनं सांगायचीय ती. कारखाना पळवायला मॉडेल घेतात, पण त्याचा खरा पैसा एकसारखं चालण्यात आहे. आपल्या येडगाव धरणातून कुकडीचा डावा कालवा निघतो, तो श्रीगोंदा, कर्जत करत पार करमाळ्याकडं जातो. इथं दार सारखं खालीवर केलं तर शेवटच्या शेतकऱ्याला कधी पूर, कधी कोरडं. कारखान्यातही गव्हाणीवर झालेली ओढाताण पॅनपर्यंत पोचेस्तोवर मोठी होते.

हे आकड्यात बघ. समज तुमचं गाळप दिवसाला ५,००० टन आहे आणि रसातून रोज सुमारे ७०० टन घन पदार्थ पुढं जातात. सिरपचा ब्रिक्स कधी ५३, कधी ६३ असा नाचत असेल, तर पाळीप्रमुख फार दाट सिरपच्या भीतीनं सरासरी ५८ वर ठेवतो. त्यात त्याची चूक नाही, कारण ६५ च्या पुढं गेलं तर पॅनमध्ये नको असलेला बारीक, खोटा दाणा विरघळवायला जागा राहत नाही. मॉडेलनं तो नाच एक-दोन अंशांवर आणला, तर सरासरी निर्धास्तपणे ६३ ला नेता येते. ५८ ब्रिक्सला ७०० टन घन पदार्थांबरोबर साधारण ५०७ टन पाणी असतं, ६३ ला ४११ टन. म्हणजे रोजचं ९६ टन पाणी पॅनवरून उचलून इव्हॅपोरेटरवर गेलं. पॅनमध्ये एक टन पाणी उडवायला साधारण एक टन वाफ लागते. चार भांड्यांच्या इव्हॅपोरेटरमध्ये तेवढ्याच वाफेत चार टन पाणी उडतं. ही युक्ती न्यू ऑर्लीन्सच्या नॉर्बर्ट रिलिये यांची, १८४३ च्या पेटंटातली, आणि आजही प्रत्येक साखर कारखाना तिच्यावरच उभा आहे. तर ९६ टनांच्या जागी २४ टन वाफ लागली, रोजची ७२ टन वाफ वाचली. एक टन बगॅसवर २.२ टन वाफ धरली तर रोज जवळपास ३३ टन बगॅस शिल्लक. ना नवं भांडं घेतलं, ना कोणाला जादा राबवलं. तुमच्याकडं पॅनला पहिल्या-दुसऱ्या भांड्याची वाफ दिलेली असेल तर हा फायदा कमी होईल, ते गणित तू करशीलच. आणि इव्हॅपोरेटर हीच अडणारी जागा असेल तर आधी त्याची वाट मोकळी कर, मग ब्रिक्स वाढव. दुसरी गोष्ट तिसरीच्या आधी सांगितली ती त्यासाठीच.

मिलवरच्या पाण्याचंही असंच. पाणी वाढवलं की बगॅसमधली साखर घटते आणि मिलवाले खूश होतात. ५,००० टनांमागे बगॅस साधारण १,४०० टन, तेव्हा त्यातली साखर ०.१ टक्क्यानं कमी झाली तर रोज १.४ टन साखर रसात आली. त्यातली थोडी पुढं मळीत जाणार. उलट बाजूला, वाढवलेलं पाणी उडवायला वाफ लागणार. कुठं थांबायचं हे साखरेच्या आणि बगॅसच्या त्या महिन्याच्या भावावर ठरतं. म्हणून मॉडेलमधले भाव दर महिन्याला कोण बदलणार, हे लिहून ठेव. मागच्या वर्षीचे भाव घालून काढलेला ‘सर्वोत्तम’ आकडा सर्वोत्तम नसतो.

पॅनवर गेलीस की घाई करू नकोस. तुमचा सगळ्यात जुना पॅनमन काय करतो ते बघ. प्रूफ स्टिक ओढतो, काचेवर थेंब घेतो, दिव्यासमोर धरतो. दाणा एकसारखा आहे की मध्ये बारीक धुरळा दिसतोय, ते बघतो. मग अंगठा आणि बोट यांत तार ओढून बघतो, किती लांब येते, कुठं तुटते. तेवढ्यात साइट ग्लासमधून माल कसा फिरतोय तेही त्याच्या डोळ्यात असतं. तुझं मॉडेल ब्रिक्स, तापमान आणि प्युरिटी यांवरून अतिसंपृक्तता काढतं, मीटर बरोबर असतील तर तीही बिनचूक काढतं, पण काचेवरचा धुरळा त्याला दिसत नाही. उलट पहाटे तीनला, सलग चौथ्या पॅनवर, माणसाचे डोळे जड झाले असताना मॉडेल थकत नाही. दोघांची गरज आहे. म्हणून सुरुवातीला मॉडेलला नुसता सल्ला देऊ दे. सल्ला पॅनमनच्या समोरच्या स्क्रीनवर येऊ दे, मॅनेजरच्या केबिनमध्ये नको. स्क्रीनवरची अक्षरं मराठीत करून घे. त्यानं सल्ला मानला नाही तर का, एवढंच एका बटणावर विचार: ‘धुरळा दिसला’, ‘व्हॅक्यूम पडला’, ‘सिरप पातळ’. महिनाभरात तुझ्याकडं अशी माहिती जमेल जी सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीकडंही नाही. आणि जेव्हा पॅनमनचं बरोबर निघेल, तेव्हा सगळ्यांसमोर त्याचं नाव घे. ज्या दिवशी त्याला वाटलं की हे यंत्र आपली नोकरी घ्यायला आलंय, त्या दिवसापासून तो ते बंद ठेवायची कारणं शोधेल, आणि पॅन हाउसमध्ये कारणांना तोटा नसतो.

मॉडेलला कारखान्याच्या गेटबाहेरचं काही कळत नाही, हेही विसरू नकोस. आपल्याकडं जुन्नर-आंबेगावात उसाच्या फडात बिबटे राहतात. तोडीत पिल्लं सापडली की टोळी कोयते खाली ठेवते, वन खात्याची माणसं येतात, मादी पिल्लं घेऊन जाईपर्यंत त्या फडातली तोड बंद. आधी तोडलेल्या मोळ्या बांधावर तशाच पडून राहतात. अवकाळी पाऊस आला की बैलगाड्या फडातच रुततात आणि पुढं येणाऱ्या उसाबरोबर चिखल येतो. मॉडेलला हे सगळं ‘आज रसाची प्युरिटी घसरली’ एवढंच दिसतं, आणि ते बिचारं चुन्याचा डोस नाहीतर मिलचं पाणी बदलायला निघतं. त्याला एक आकडा जादा दे: तोडणीपासून गव्हाणीपर्यंतचे तास. स्लिपवर तोडीची तारीख असतेच, वेळही लिहून घे. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळावा हे सगळ्यांना पाठ असतं, पण तो खरोखर किती तासांनी गाळला जातो हे फार थोड्या कारखान्यांत कोणी मोजतं. शेतकी विभागाशी गोडीनं राहा. रोज सकाळी त्यांना दहा मिनिटं भेट. तुझ्या सॉफ्टवेअरला जी बातमी दोन तासांनी कळेल ती त्यांना आदल्या संध्याकाळी माहीत असते.

सरकारचे निर्णयही गेटबाहेरचेच. ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन हंगामात, केंद्रानं उसाचा रस आणि सिरप यांपासून इथेनॉल करण्यावर बंधन आणलं आणि पुढच्या काही दिवसांत त्यात पुन्हा थोडी सूट दिली. कारखान्यांनी केलेलं नियोजन एका रात्रीत बदललं. असं झालं की बसून हिशोब करणारं मॉडेल सोन्याचं ठरतं: इथेनॉलसाठी बी हेवी मळी किती काढायची, साखर किती, वाफ पुरेल का, हे संध्याकाळपर्यंत सांगता येतं. पण ते आधीपासून जुळवून ठेवलेलं असलं तरच.

संचालक मंडळ विचारील, फायदा किती झाला? तेव्हा मागच्या हंगामाचा साखरेचा उतारा आणि यंदाचा उतारा शेजारी ठेवून श्रेय घेऊ नकोस. पाऊस वेगळा, जात वेगळी, थंडी वेगळी, बी हेवीला किती वळवलं तेही वेगळं. उसात आलेल्या साखरेपैकी बगॅसमध्ये, प्रेसमडमध्ये आणि मळीत किती गेली, ते दाखव. तेवढंच तुझ्या हातात होतं. १० लाख टन गाळपावर ०.१ टक्का उतारा वाढला तर १,००० टन साखर होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठरलेला किलोला ३१ रुपये हा किमान विक्रीदर धरला तरी ३ कोटी १० लाख. आणि हा पैसा कोणाचा, तेही सांग. एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, १०.२५ टक्के उताऱ्याला बांधलेली आहे आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ऊसवाल्याला जादा दर मिळतो. आपल्याकडचे निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि दत्तात्रयनगरचा भीमाशंकर, दोन्ही सहकारी. अशा कारखान्यात मळीतून वाहून गेलेली साखर कुणा सभासदानं रात्रीच्या लाइटला पाणी भरून वाढवलेली असते. हे मनात असलं की रजिस्टरातला आकडा नुसता आकडा राहत नाही.

करारात एवढं बघ: हंगामाच्या मध्यात मॉडेल पुन्हा जुळवायला त्यांचा माणूस येणार की तुला शिकवणार? शिकवणारच, असं लिहून घे. मॉडेलमधली समीकरणं आणि आकडे तुला उघडून बघता आले पाहिजेत. जे उघडता येत नाही ते बिघडल्यावर बंदच पडतं, आणि बंद पडलेली अशी सॉफ्टवेअरं मी धुळीच्या कव्हराखाली पाहिली आहेत. तुझ्या हाताखाली एका तरी माणसाला हे सगळं येत असू दे. लग्नकार्य असतं, आजारपण असतं, तू नसलीस म्हणून कारखाना आंधळा होता कामा नये. अडलंच तर मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. १९७५ पासून ती संस्था आपल्याच कारखान्यांसाठी काम करतेय, तिथं जाऊन विचारायला लाजू नकोस.

शेवटचं, आणि हे विसरू नकोस. हंगाम संपून पट्टा पडला की पहिल्याच आठवड्यात सगळ्या फ्लो मीटर, ब्रिक्स मीटर आणि लोड सेलची यादी कर, कॅलिब्रेशनचा खर्च काढ आणि त्याच महिन्यात मंजूर करून घे. दिवाळीच्या तोंडावर मिल आणि बॉयलरचे ठेकेदार दारात उभे असतात, तेव्हा मीटरसाठी कोणी पैसा देत नाही.

तुझा मामा